पट्टी विकायच्या आधी आकडा मागणारं दुकान

रॅम, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीची पट्टी, घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ती न देता परत पाठवणारा दुकानदार नाशकात मी पहिल्यांदाच पाहिला. आणि तरीही पुढचं सगळं काम मी त्याच्याकडूनच करून घेतलं, म्हणून हा जरा सविस्तर अभिप्राय.

दुकान कॅनडा कॉर्नरच्या आसपास, एका जुन्या कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर. पाटी आहे, पण ती खालच्या झेरॉक्सवाल्याच्या पाटीआड गेलेली. नाव मुद्दाम देत नाही. काका आणि हाताखालचा एक मुलगा एवढाच पसारा आहे, आणि "ताई, नाव टाकू नका, मग लोक नुसते फोनवर भाव विचारत बसतात" असं काकांनीच सांगितलंय. त्यातून त्यांच्याकडून जे कळलं ते कुठल्याही दुकानात जाताना उपयोगी पडेल असं आहे.

माझं काम हिशेबाचं. निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार, खतं-औषधांची काही दुकानं, एक पॅकहाऊस (द्राक्षं निवडून पेट्यांत भरायची जागा), यांची पुस्तकं लिहिते, दुकानांचे जीएसटीचे रिटर्न भरते. महिन्याची ११ तारीख जीएसटीआर-१ ची आणि २० तारीख ३-बी ची. त्याच्या आदल्या दिवशी माझ्या लॅपटॉपवर एका वेळी टॅली उघडी असते, एक्सेलच्या जाडजूड फाइली, क्रोममध्ये जीएसटीचं पोर्टल, बँक, ई-वे बिल, व्हॉट्सअ‍ॅप वेब, आणि गिऱ्हाइकांनी मोबाइलवर वाकडेतिकडे फोटो काढून पाठवलेल्या बिलांचे पीडीएफ. जानेवारीत द्राक्षांची काढणी सुरू झाली की यात पॅकहाऊसच्या मजुरीचे तक्ते येऊन पडतात. मग एक्सेलमधून टॅलीत जायचं म्हटलं की पडदा पांढरा, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग', आणि समोर खुर्चीत बसलेला शेतकरी विचारतो, "ताई, नेट गेलं का?"

घरात मशीनं तीन. हा माझा २०२० चा लॅपटॉप. ऑफिसच्या खोलीतला जुना डेस्कटॉप, ज्याच्यावर प्रिंटर आणि जुन्या वर्षांच्या टॅली कंपन्या आहेत. आणि भाचीचा सडपातळ लॅपटॉप, ती इंजिनीअरिंगला आहे आणि शिकायला आमच्याकडेच राहते. तिघांचीही तक्रार एकच: स्लो झालंय.

आधी मी एका चकचकीत शोरूममध्ये चौकशी केली होती. काउंटरवरच्या मुलाने एकही मशीन न बघता सांगितलं, "तिन्हीला सोळा-सोळा जीबी मारून टाका मॅडम, पळायला लागतील." कोटेशनही लगेच छापून दिलं. आकडा बघून मी ते पर्समध्ये घातलं आणि निघाले.

काकांकडे गेले तर त्यांनी किती जीबी आहे हे विचारलंच नाही. विचारलं, "सगळ्यात जास्त लोड कोणत्या दिवशी असतो?" म्हटलं, १९ तारखेला. "मग १९ ला दुपारी, सगळं उघडं असताना, टास्क मॅनेजरचा फोटो काढा आणि मग या. आत्ता रिकामं मशीन बघून मी काय सांगू?" झालं. लॅपटॉप पिशवीतून बाहेरसुद्धा काढायला लावला नाही. घाईत असलेल्या माणसाला याचा राग येईल हे मान्य. मलाही जिने उतरताना थोडा आलाच होता.

फोटो काढायची रीत त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिली होती, ती इथे देते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायचं, टास्क मॅनेजर उघडतो, म्हणजे मशीनमधलं काय किती वापरात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी. त्यात 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी'वर क्लिक करून एक फोटो आणि त्याच्याच खाली 'डिस्क'वर क्लिक करून दुसरा. दोन्ही फोटो एकाच वेळचे हवेत. डिस्कचा फोटो कशाला हे मला तेव्हा कळलं नव्हतं, पण सगळी गंमत त्यातच निघाली.

१९ ला माझ्या लॅपटॉपचा फोटो असा आला: एकूण ७.८ जीबी, वापरात ७.२, म्हणजे ९२ टक्के. त्याखाली 'कमिटेड' या शब्दाखाली १२.९ आणि तिरक्या रेषेपलीकडे १५.६. ८ जीबीच्या लॅपटॉपमध्ये ७.८ च का, तर थोडी जागा ग्राफिक्ससाठी बाजूला काढलेली असते. काही चोरीला गेलेलं नाही. पण ७.८ च्या मशीनमध्ये १२.९ आले कुठून?

काकांना मी काय काम करते ते माहीत झालं होतं, त्यामुळे त्यांनी पॅकहाऊसवरूनच सांगितलं. "रॅम म्हणजे तुमचं ग्रेडिंगचं टेबल. एसएसडी, म्हणजे फाइली कायम राहतात ती डिस्क, हे कोल्ड स्टोरेज. माल कितीही असू द्या, हात चालतो तो टेबलावरच्या मालावर. आता टेबलावर आठ क्रेट मावतात आणि सुपरवायझरने तेरा मागवलेत. मग काय करतात? पाच क्रेट परत कोल्ड स्टोरेजला पाठवायचे, लागले की आणायचे, दुसरे पाठवायचे. बाया बसून आहेत, माल येरझारा घालतोय. तुमचा पांढरा पडदा म्हणजे ती येरझार." कंपनीच्या जाहिरातीत 'मल्टिटास्किंग' का काय म्हणतात, त्यापेक्षा हे मला लगेच कळलं. डिस्कवर असा माल ठेवण्यासाठी विंडोजची एक वेगळी फाइल असते, पेज फाइल. १५.६ हा आकडा म्हणजे रॅम आणि ती फाइल मिळून.

यात एक बारकावा आहे आणि तो शोरूमवाले सांगत नाहीत. 'कमिटेड' म्हणजे प्रोग्रामांनी मागून ठेवलेली जागा. मागितलेली सगळी जागा ते वापरतातच असं नाही. त्यामुळे १२.९ दिसले म्हणून लगेच १६ घ्यायला धावायचं नाही. खरी परीक्षा काकांनी माझ्यासमोर घेतली. टास्क मॅनेजरमधून 'रिसोर्स मॉनिटर' उघडला, त्यात 'मेमरी'. उजवीकडे एक आलेख असतो, 'हार्ड फॉल्ट्स पर सेकंद'. प्रोग्रामला हवी असलेली गोष्ट रॅममध्ये सापडली नाही आणि डिस्कवरून आणावी लागली, की त्यात भर पडते. कुठलाही प्रोग्राम पहिल्यांदा उघडताना थोडी उसळी येतेच, ती सोडून द्यायची. पण मी एक्सेल, टॅली, क्रोम असं आलटून पालटून उघडायला लागले तसा तो आलेख दर वेळी वरच्या कडेला जाऊन चिकटत होता. "हे बघा," काका म्हणाले, "आता रॅम विकायला माझी हरकत नाही."

टक्केवारीबद्दलही त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. ६०-७० टक्के मेमरी भरलेली दिसली म्हणजे मशीन आजारी, असं नाही. रॅम रिकामी ठेवून तिचं व्याज मिळत नाही. 'कॅश्ड' म्हणून जो आकडा दिसतो त्यात विंडोजने पुढे लागतील म्हणून हाताशी ठेवलेल्या फाइली असतात आणि दुसऱ्याला जागा लागली की तो त्या सोडून देतो. मोबाइलवर 'रॅम क्लीन' करणारी अ‍ॅप्स टाकणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. काळजी कधी करायची, तर रोजच्या कामात आकडा ९० च्या वर बसून राहतो, त्याच वेळी डिस्क धावत असते आणि तुमचा हात थांबतो, तेव्हा. तिन्ही एकदम.

डेस्कटॉपचा फोटो बघून मात्र त्यांनी नकारार्थी मान हलवली. तिथे मेमरी ८ जीबीपैकी जेमतेम ३.६ वापरात होती, निम्मीसुद्धा नाही. आणि डिस्क? १०० टक्के. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे डिस्क १०० टक्के असताना वेग दिसत होता सेकंदाला दीड-दोन एमबी. म्हणजे डिस्क फार माल वाहत नव्हती, नुसती शोधाशोध करण्यात दमली होती. फिरत्या हार्ड डिस्कमध्ये आतली सुई एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकवावी लागते, आणि प्रत्येक वेळी साधारण १० मिलिसेकंद जातात. रॅमला तेच काम १०० नॅनोसेकंदांच्या आसपास लागतं. भागाकार करून बघितला तर फरक एक लाख पटीचा येतो. त्या मशीनमध्ये १६ जीबी टाकली असती तर निम्म्याहून जास्त रॅम रिकामी बसली असती आणि मशीन होतं तसंच रखडलं असतं. म्हणजे शोरूमच्या कोटेशनमधली ती ओळ शुद्ध पाण्यात.

त्याला अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी डिस्क, बसवली आणि जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल तिच्यावर करून दिली. टॅलीचा जुना डेटा, प्रिंटरची सेटिंग, डेस्कटॉपवरचे माझे पिवळे फोल्डर, सगळं जागच्या जागी. पूर्वी बटण दाबून मी कुकर लावायला जायचे, आता बसल्याजागी उघडतो. पण त्याहून जास्त खर्च त्यावर करू नका असंही काकांनी बजावलं. मशीन चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचं, रॅम डीडीआर३, म्हणजे जुन्या पिढीची. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी आणि त्यापुढची लागते, त्यामुळे ते त्यावर अधिकृतपणे चढत नाही. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नाव नोंदवलं तर सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. "एसएसडी उद्या काढून दुसऱ्या मशीनला लावता येईल. डीडीआर३ची पट्टी तुम्ही कुठे लावणार?" हा हिशेब हिशेब लिहिणाऱ्या बाईला पटायला वेळ लागला नाही.

भाचीचा लॅपटॉप त्यांनी उघडलाही नाही. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर खाली 'फॉर्म फॅक्टर' म्हणून एक ओळ असते. माझ्यात तिथे 'एसओडिम' आहे, म्हणजे काढता-घालता येणारी पट्टी. तिच्यात लिहिलं होतं, 'रो ऑफ चिप्स'. म्हणजे रॅम थेट बोर्डावर झाळलेली (सोल्डर केलेली). "बेटा, याला काही होणार नाही," एवढंच. तिचं तोंड पडलं. मग बसवून तिला सुरुवातीलाच आपोआप चालू होणारी अ‍ॅप्स बंद करायला शिकवलं, क्रोममधलं 'मेमरी सेव्हर' चालू करून दिलं आणि एक पैसा घेतला नाही. घरी येताना ती म्हणाली, "आत्या, घेताना कोणी सांगितलं का नाही?" कारण घेताना सगळे रंग आणि वजन बघतात. ज्यांना हल्ली असा पातळ लॅपटॉप घ्यायचा असेल त्यांनी दुकानात तिथल्या तिथे विचारावं, की मेमरी झाळलेली आहे का आणि एखादा स्लॉट मोकळा आहे का. झाळलेली असेल तर घेतानाच १६ घ्या, मागाहून सोय नाही. अ‍ॅपलच्या एम मालिकेच्या मॅकमध्ये तर मेमरी मुख्य चिपच्याच पॅकेजमध्ये असते, तिथे वाढवायचा विषयच येत नाही.

आता माझ्या लॅपटॉपचं प्रत्यक्ष काम. हे मी समोर बसून बघितलं. काका बघू देतात, ही त्यांच्याबद्दलची मोठी गोष्ट. इतर ठिकाणी मशीन 'आत' जातं आणि 'झालं' म्हणून बाहेर येतं.

मागचं कव्हर उघडायच्या आधी मुलाने मनगटाला तार असलेला पट्टा बांधला. अंगातली स्थिर वीज, जी हिवाळ्यात स्वेटर काढताना चटका देते, ती चिप खराब करायला पुरते. स्क्रू आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणात ठेवले, ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने मांडून. दोन स्क्रू रबरी पायांच्या खाली लपलेले निघाले. प्लॅस्टिकचं एक जुनं कार्ड फटीत सरकवत सरकवत कव्हर सोडवलं, आणि पहिलं काम काय केलं तर बॅटरीची वायर काढली. माझ्यात ४ जीबी बोर्डावरच झाळलेली आणि ४ जीबीची पट्टी स्लॉटमध्ये, असे मिळून ८ होते. टास्क मॅनेजर माझ्या मशीनला 'स्लॉट २ पैकी २ वापरात' असं सांगत होता, प्रत्यक्षात स्लॉट एकच. उघडून बघितल्याशिवाय पट्टी मागवायची नाही, असा काकांचा नियम का आहे ते तिथे कळलं.

मग प्रश्न आला ८ घालायची की १६. मी मनात १६ धरून गेले होते. काका म्हणाले, ४ बोर्डावरची आणि ८ ची पट्टी मिळून १२ होतील, तुमच्या १९ तारखेला तेवढे पुरतात. १६ घालून २० करायला आत्ताचा भाव नाही.

भावाबद्दल थोडं लिहायला हवं, कारण हल्ली दुकानात निम्मी भांडणं त्यावरूनच होतात. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव असे चढलेत की आधी ज्या पैशांत दोन पट्ट्या आल्या असत्या त्यात आता एक येत नाही. दुकानदार लुटतो असं गिऱ्हाइकाला वाटतं. पण जगात रॅमच्या चिप बनवणारे मोठे तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीत त्यांना जास्त पैसा आहे, तिकडे उत्पादन वळलं, आणि डीडीआर४ सारखा जुना माल कमी होत चालला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये, आपल्याकडे दुकानादुकानात दिसणारा 'क्रुशल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. आमच्यासमोर एका काकूंनी विचारलं, गुजरातेत साणंदला मायक्रॉनचा कारखाना आहे ना, मग स्वस्त नाही का होणार? तर साणंदचा प्रकल्प चिपच्या जुळणीचा आणि चाचणीचा आहे, मूळ चिप तिथे घडत नाही. त्यामुळे त्या आशेवर कोणी थांबू नये. उलट, गरज नसताना 'पुढे लागेल' म्हणून जास्त घेण्याचे हे दिवस नाहीत, एवढं खरं.

मी ८ चीच घेतली. पट्टीवरचं स्टिकर काकांनी मला वाचायला लावलं: ८ जीबी, पीसी४-३२००एए. पीसी४ म्हणजे डीडीआर४. लॅपटॉपच्या डीडीआर३ला २०४ पिना, डीडीआर४ला २६० आणि डीडीआर५ला २६२. शिवाय मधली खाच प्रत्येकीत वेगळ्या जागी, त्यामुळे चुकीची पट्टी जोर लावला तरी बसत नाही. (जोर लावणारे असतात. तसं एक मशीन रॅकवर पडलेलं दाखवलं.) ३२०० हा वेग. माझं मशीन २६६६ चं, म्हणजे नवी पट्टीही २६६६ नेच चालणार. यात बिघडत काही नाही, फक्त वेगाच्या नावाखाली जास्त पैसे कोणी मागितले तर देऊ नयेत.

पट्टी तिरकी आत सरकवतात, सोनेरी दात दिसेनासे होईपर्यंत, आणि मग बोटाने खाली दाबतात. दोन्ही बाजूंच्या धातूच्या चिमट्या 'टक्' करून बसल्या की झालं. एवढंच काम. पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा बराच वेळ काळा राहिला आणि मशीन आपणहून एकदा बंद होऊन पुन्हा चालू झालं. माझा जीव वर. काका वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "नवीन मेमरी ओळखतंय, थांबा." ओळखली. ११.८ जीबी.

मग विंडोजचीच मेमरी तपासणी लावली. स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक' शोधलं की सापडते, निळ्या पडद्यावर टक्के मोजत बसते. ही होईपर्यंत बिल करत नाहीत. कंटाळवाणं आहे, पण नवी पट्टीही खराब निघू शकते आणि ते घरी गेल्यावर कळण्यापेक्षा इथेच कळलेलं बरं.

तेवढ्या वेळात दुकानातली ये-जा बघितली. सातपूरच्या एका वर्कशॉपमधले गृहस्थ जुना पीसी घेऊन आले, ८ जीबी करा म्हणाले. त्यात विंडोज ३२ बिटचं. ३२ बिटच्या त्या विंडोजला ४ जीबीच्या पुढची मेमरी वापरताच येत नाही, त्यामुळे त्यांनाही पट्टीविना परत पाठवलं, आधी विंडोज बदला म्हणून. दुसरं एक मशीन चालू केलं की नुसतं पीं-पीं करत होतं. मुलाने त्यातली पट्टी काढली, तिचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबरने हलक्या हाताने घासले, पुसून परत लावली, चालू. पावसाळ्यानंतर अशी मशीनं खूप येतात म्हणे. हे वेगळं दुखणं आहे. मशीन स्लो होणं म्हणजे रॅम कमी असू शकते. निळा पडदा येणं, मधेच रीस्टार्ट होणं, फाइली खराब निघणं म्हणजे रॅम सैल किंवा नासलेली असू शकते. तिथे वाढवून उपयोग नाही, तपासून बदलावी लागते.

आणखी एक गोष्ट मी विचारून घेतली. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस आला की आमच्याकडे लाइट जाते, आणि डेस्कटॉपवर सेव्ह न केलेलं काम जातं. रॅम वाढवली तर ते राहील का? नाही. रॅममधला प्रत्येक बिट एका एवढ्याशा कपॅसिटरमधल्या विजेवर टिकून असतो आणि ती वीज सतत गळत असते. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत ती पुन्हा भरावी लागते. एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर ही जोडी आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधली, १९६८ मध्ये त्याचं पेटंट मिळालं, आणि आजची रॅमही मुळात त्याच तत्त्वावर चालते. वीज गेली की सगळं गेलं, ४ जीबी असो की ६४. त्यासाठी यूपीएस घ्या, असं सांगितलं. तो त्यांच्याकडे मिळत नाही, म्हणजे सल्ला स्वार्थाचा नव्हता.

मार्च कसा गेला? चांगला. ३-बीच्या आदल्या दिवशी वापरातली मेमरी ९ च्या थोडी वर, म्हणजे ११.८ मध्ये अजून जागा, आणि हार्ड फॉल्टचा आलेख प्रोग्राम उघडतानाची उसळी सोडली तर तळाशी. पांढरा पडदा नाही. जीएसटीचं पोर्टल शेवटच्या तारखेला जसं चालतं तसंच चाललं. त्याला माझ्या लॅपटॉपमधली कुठलीही पट्टी बरी करू शकत नाही.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत, हे पहिलं. जायच्या आधी विचारून जाऊ म्हटलं तर सोय नाही. डेस्कटॉप 'संध्याकाळपर्यंत' म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दिला. जुनी डिस्क रखडत होती म्हणून नक्कल व्हायला वेळ लागला हे कारण खरं असेल, पण एक निरोप द्यायला काय जातं? लॅपटॉपचा एक रबरी पाय परत नीट चिकटला नाही, तो टेबलावर डुगडुगतो. सांगितल्यावर "फेविक्विक लावा" म्हणाले. मला ते आवडलं नाही. बसवण्याची मजुरी पट्टीच्या किमतीत धरलेली नसते, ती शेवटी वेगळी लावतात. रक्कम वाजवी होती, पण आधी बोलायला हवी होती. आणि वयस्कर माणसाला डेस्कटॉपचा डबा घेऊन तो जिना चढणं अवघड आहे. खाली उभं राहून हाक मारली तर मुलगा येतो.

बिल मात्र चोख. १८ टक्के जीएसटी वेगळा दाखवलेला आणि पट्टीचा सिरीअल नंबर बिलावर हाताने लिहिलेला, जो वॉरंटीच्या वेळी लागतो. बाजारात भाव चढले की वापरलेली पट्टी नव्या खोक्यात घालून विकणारेही निघतात, त्यामुळे खोकं समोर फोडायला लावा आणि नंबर जुळवून घ्या. जुनी ४ जीबीची पट्टी त्यांनी न मागता पाकिटात घालून परत दिली. आत्ताच्या भावात तिलाही गिऱ्हाईक आहे. पॅकहाऊसच्या मॅनेजरकडे तसाच लॅपटॉप आहे आणि त्याचा स्लॉट रिकामा निघाला. पट्टी त्याला देऊन टाकायची की हिशेबात धरायची, ते अजून ठरलेलं नाही.

जाणार असाल तर दुपारी चारनंतर जा, सकाळी काका बाहेरच्या कामावर असतात. चार्जर सोबत न्या, तपासणीत बॅटरी संपते. दुचाकी मागच्या गल्लीत लावा. पुढच्या रस्त्यावर टोइंगची गाडी फिरते. आणि फोटो काढल्याशिवाय जाऊ नका, परत पाठवतात.